नियम शिकवणारे गाव : हेग

नेदरलँड्सची राजधानी कोणती, असे विचारले तर शाळकरी मूलही ॲम्स्टरडॅम म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण त्या देशाचे सरकार नांदते हेगमध्ये. संसद तिथे, मंत्रालये तिथे, परदेशी वकिलातीही तिथेच. राजधानीचा मान एका गावाला आणि कारभाऱ्यांचा राबता दुसऱ्या गावात, ही व्यवस्था आपल्या बेळगावकरांना समजावून सांगायला नको. २०१२ साली हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभा राहिला, तेव्हापासून अधिवेशनाचे दिवस आले की गाड्यांची वर्दळ, मोर्चे आणि भरलेली लॉजे आपणही पाहतो. आपल्याकडे अधिवेशन संपले की सौध शांत होतो. हेगमध्ये मात्र बारा महिने कुणी ना कुणी कुणाशी तरी वाटाघाटी करत बसलेला असतो.

माझा धाकटा भाऊ नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षे त्या बाजूला आहे. भावजय धारवाडची, माहेर कन्नड. त्यामुळे माझी भाची बापाशी मराठी, आईशी कन्नड, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर डच बोलते. चारही भाषांत ती वाद घालू शकते, अशी तिच्या आईची तक्रार आहे. कॉलेजला हिवाळ्याची सुट्टी आणि राज्यशास्त्र शिकवण्याचा व्यवसाय, असा दुहेरी योग साधून मी तीन आठवडे त्यांच्याकडे राहिले. हेगबद्दल वर्गात इतकी वर्षे बोलत आले होते, ते गाव पायी फिरून पाहायचे होते.

डेल्फ्टहून निघणारी एक नंबरची ट्राम हेगच्या मधून जाते आणि शेव्हेनिंगेनला समुद्राकाठी थांबते. गाव पाहायला तेवढी एक ट्राम पुरेशी आहे. मध्यावर होफव्हायव्हर नावाचे तळे लागते. त्याच्या काठावर बिनेनहोफ, म्हणजे डच संसदेचा जुना वाडा. २०२१ पासून तो दुरुस्तीसाठी रिकामा केला आहे आणि संसद तात्पुरती दुसऱ्या इमारतीत बसते. शेजारच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात मोत्याच्या कुड्यातली ती प्रसिद्ध मुलगी मान वळवून आपल्याकडे पाहते. समुद्रावर गेलात तर हेरिंग मासा कच्चाच, चिरलेल्या कांद्याबरोबर खातात. पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त पडतो. तशा पावसातही आजीबाई सायकलवरून भाजी घेऊन चाललेल्या दिसतात.

शांततेचा वाडा

त्याच ट्रामवर ‘व्ह्रेडेसपालेस’ असा थांबा आहे. मराठीत सांगायचे तर शांततेचा वाडा, म्हणजे पीस पॅलेस. लाल विटा, उंच मनोरा, पुढे हिरवळ. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो एखाद्या संस्थानिकाचा राजवाडा वाटेल, पण इथे राजा कधीच राहिला नाही. १८९९ साली हेगमध्ये पहिली शांतता परिषद भरली. देशांनी आपली भांडणे लवादाकडे न्यावीत म्हणून तिने कायमस्वरूपी लवाद न्यायालय स्थापन केले. त्या न्यायालयाला घर हवे होते. अमेरिकेतले पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी पंधरा लाख डॉलर दिले आणि २८ ऑगस्ट १९१३ रोजी वाडा उघडला. वर्षही पुरे झाले नाही तोच पहिले महायुद्ध पेटले.

आत जायचे तर आधी नोंदणी करून मार्गदर्शकाबरोबर फेरी घ्यावी लागते. बाहेरचे माहिती केंद्र मात्र सहज पाहता येते. वाडा बांधताना देशोदेशीच्या सरकारांनी वस्तू दिल्या. दरवाजाची लोखंडी कमान जर्मनीची, मनोऱ्यातले घड्याळ स्वित्झर्लंडचे, संगमरवर इटलीचा, रंगीत काचा ब्रिटनच्या, गालिचा तुर्कस्तानचा, रेशमी भिंतपट जपानचे आणि एक अवाढव्य फुलदाणी रशियाच्या झारची. यातले बहुतेक देश पुढच्या तीस वर्षांत एकमेकांवर तोफा डागत होते. वस्तू मात्र जागच्या जागी राहिल्या.

१९४६ पासून या वाड्यात संयुक्त राष्ट्रसंघाचे आंतरराष्ट्रीय न्यायालय बसते. पंधरा न्यायाधीश, प्रत्येकाची मुदत नऊ वर्षे. मूळचे मंगळूरचे सर बेनेगल राव इथे न्यायाधीश होते, नागेंद्र सिंह तर अध्यक्ष झाले. फाटकाबाहेर एक छोटी ज्योत सतत तेवत असते आणि तिच्याभोवती १९६ देशांतून आणलेले दगड बसवले आहेत. मी तिथे उभी असताना शाळेच्या सहलीतली मुले आपापल्या देशाचा दगड शोधत होती. एकाला आपला दगड दुसऱ्याच्या दगडाला खेटून बसवलेला आवडला नव्हता, आणि त्यावर तिथल्या तिथे वाद चालू होता. या जागेला शोभेलसाच वाद म्हणायचा!

भाचीच्या वाट्याला आलेला देश

भाचीच्या शाळेत त्या दिवसांत ‘मॉडेल यूएन’ची तयारी चालू होती. आपल्याकडे युवा संसद, अभिरूप न्यायालय होते, तसाच हा अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघ. प्रत्येक मुलाला एकेक देश मिळतो आणि त्या देशाचा प्रतिनिधी म्हणून त्याने बोलायचे, ठराव लिहायचा, मते मिळवायची. राष्ट्रसंघाच्या काळात, १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांत अशा नकला सुरू झाल्या. हेगमध्ये १९६८ पासून शाळकरी मुलांची अशी मोठी परिषद भरते. तिला ‘थिमुन’ म्हणतात आणि देशोदेशीची हजारो मुले तिला येतात. ती भरते त्या वर्ल्ड फोरम सभागृहाच्या शेजारीच रासायनिक शस्त्रांवर बंदी घालणाऱ्या संघटनेचे कार्यालय आहे. समोरच्या इमारतीत २०१७ पर्यंत युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्हेगारांचे खटले चालले. म्हणजे मुले नक्कल करतात आणि रस्ता ओलांडला की अस्सल काम!

भाचीच्या तुकडीला पाकिस्तान मिळाला होता आणि विषय होता, अनेक देशांतून वाहणाऱ्या नद्यांचे पाणी.

रविवारच्या फोनवर हे बेळगावला आजीच्या कानावर गेले. आजी गप्प झाली. मग म्हणाली, “पोरीला दुसरा देश मिळाला नाही काय गं? एवढं जग पडलंय की.” भाऊ समजावू लागला, तर ती म्हणाली, “तू नको सांगू. पहलगामला काय झालं ते मी टीव्हीवर बघितलंय.” एप्रिल २०२५ मधल्या त्या हल्ल्यानंतर भारताने सिंधू जलकरार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले होते, आणि भाचीला नेमके त्याच पाण्यावर, समोरच्या बाजूने बोलायचे होते. धारवाडच्या अज्जांनी जन्मभर वकिली केली. त्यांना हे कळले तेव्हा ते कन्नडमध्ये एवढेच म्हणाले, की पक्षकार आवडतो म्हणून कुणी वकीलपत्र घेत नाही, कागद वाचून घेतो. दोन्हीकडची वडीलधारी माणसे आपापल्या जागी बरोबर होती. पोरगी मधल्या मध्ये टेबलावर डोके धरून बसली.

मी तिला म्हटले, “आधी नियम वाच. मग कागद वाचू. मग ठरवू, काय बोलायचं ते.”

नियमांची वही

वक्तृत्व स्पर्धेत वाढलेल्या आपल्या मुलांना हे नियम प्रथम विचित्र वाटतात. थिमुनच्या पद्धतीत ‘मी’ म्हणता येत नाही. ‘पाकिस्तानच्या प्रतिनिधीला असे वाटते’ असेच म्हणायचे. सुरुवातीला मुले हसतात, मग त्यातली सोय त्यांच्या लक्षात येते. बोलणारी व्यक्ती वेगळी आणि तिने मांडलेली भूमिका वेगळी, ही आठवण प्रत्येक वाक्यात होत राहते.

बोलणाऱ्याला मध्येच अडवता येत नाही. अपवाद एकच, बोलणे ऐकू येत नसेल तर. बाकीचे सगळे मुद्दे भाषण संपल्यावर. सभाध्यक्षांकडून नियमात चूक झाली असे वाटले तर हरकतीचा मुद्दा काढायचा. सुवर्णसौधात आमदार ‘क्रियालोप’ म्हणत उठतात, तोच हा. बोलणाऱ्याला काही विचारायचे असेल तर ते प्रश्नाच्याच रूपात हवे. ‘हे खोटे आहे’ असे ओरडून चालत नाही. ‘प्रतिनिधींना अमुक सालच्या कराराची कल्पना आहे काय?’ असे विचारावे लागते. आणि असे विचारायचे तर अमुक साल ठाऊक असावे लागते.

भाषणे तर शेवटी येतात. त्याआधी कितीतरी तास मुले कागद हातात घेऊन एकमेकांकडे फिरतात, कुणाचा मसुदा कुणाला पटतो ते पाहतात, दोन मसुदे एकत्र करतात, सह्या गोळा करतात. लग्नाच्या याद्या करताना दोन्ही घरची माणसे ओटीवर बसून जे करतात, तेच हे काम. वादविवाद स्पर्धेत समोरच्याला हरवले की संपले. इथे समोरच्याला हरवून उपयोग नाही, कारण त्याचेच मत आपल्याला हवे असते.

ठराव म्हणजे तर व्याकरणाची परीक्षा. (आपल्या भागातल्या कन्नडमध्येही त्याला ‘ठरावु’च म्हणतात.) संपूर्ण ठराव हे एकच लांबलचक वाक्य असते. वरच्या भागात कारणे, म्हणजे कोणते करार झाले, कोणती परिस्थिती आहे, आणि प्रत्येक कलमापुढे स्वल्पविराम. खालच्या भागात करायच्या गोष्टी, तिथे अर्धविराम. पूर्णविराम फक्त शेवटी. खालच्या कलमांतली क्रियापदे फार जपून वापरावी लागतात. आमसभा विनंती करू शकते, शिफारस करू शकते, आवाहन करू शकते. हुकूम सोडू शकत नाही. सगळ्या सदस्यांना बांधून घालणारा निर्णय फक्त सुरक्षा परिषदेचा. तिथेही पंधरापैकी नऊ मते लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणी नकार दिला की विषय आटोपला. भाचीच्या पहिल्या मसुद्यात आमसभा एका देशाला धरणाचे दरवाजे उघडण्याचा आदेश देत होती. ते क्रियापद बदलायला तिला सनद उघडावी लागली. नियम पाठ करून जे कळले नसते ते तिला या एका शब्दाने शिकवले.

मतदानात तीन वाटा असतात : होकार, नकार आणि तटस्थ. आपल्या मुलांना तटस्थ राहणे म्हणजे पळ काढणे वाटते. खऱ्या आमसभेत तसे नाही. तटस्थ राहणारा देशही काहीतरी सांगत असतो. काय सांगत असतो, हे मात्र मागची कागदपत्रे पाहिल्याशिवाय कळत नाही.

एका शब्दाचा खटला

मागची कागदपत्रे म्हणजे काय, ते दाखवायला मी तिला पीस पॅलेसमधल्याच एका खटल्याचा निकाल उघडून दिला. या न्यायालयाचे सगळे निकाल कुणालाही वाचता येतात.

१९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. सोडवणारे स्वयंसेवक गोव्याचे आणि महाराष्ट्राचे होते. त्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला आणि त्याच महिन्यात भारताविरुद्ध हेगला गेला. त्याचे म्हणणे असे : दमणहून या प्रदेशात जाण्याचा आमचा हक्क भारताने अडवला. हक्क कशावरून? तर १७७९ साली मराठ्यांशी झालेला तह आणि १७८३ व १७८५च्या सनदा यांवरून. या गावांचे सार्वभौमत्व पेशव्यांनी आम्हाला दिले, असे पोर्तुगालने मांडले.

भारताची बाजू मांडायला ॲटर्नी जनरल मो. चि. सेटलवाड होते. पुण्याच्या दरबारातून निघालेल्या कागदांचा अर्थ लावण्यासाठी जगातले न्यायाधीश उत्तर समुद्राकाठी बसले होते. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे महसुलाचे उत्पन्न. मालकी नव्हे. ‘सरंजाम’ हा आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला शब्द त्या निकालात तसाच आहे.

भाची एवढ्यावर टाळ्या वाजवणार होती. मी म्हटले, “पुढचं वाच.” पुढे न्यायालय म्हणते की नंतर इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मानले आणि भारतानेही ते चालू दिले. म्हणून १९५४ साली खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालला जाण्यायेण्याचा हक्क होता (अकरा विरुद्ध चार). सैन्य, पोलीस आणि शस्त्रे यांच्यापुरता नव्हता (आठ विरुद्ध सात). आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही (नऊ विरुद्ध सहा). एकाच निकालात तीन वेगवेगळी मतदाने. त्या सैन्याच्या मुद्द्यावर तर एका मताचा फरक!

त्या पीठावर मुंबईचे न्यायमूर्ती एम. सी. छागला भारतातर्फे बसले होते. ज्या देशाचा न्यायाधीश पीठावर नाही, त्याला त्या खटल्यापुरता आपला न्यायाधीश नेमता येतो, असा इथला नियम आहे. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात हाच नियम पाकिस्तानने वापरला. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मताने पाकिस्तानने वकिलातीच्या भेटीसंबंधीच्या व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचे ठरवले. तो एक विरोधी सूर पाकिस्तानने नेमलेल्या न्यायाधीशाचा होता. हरीश साळवे यांचा युक्तिवाद आपण सगळ्यांनी टीव्हीवर ऐकला. जाधवांची सुटका करावी, ही भारताची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. शिक्षेचा फेरविचार व्हावा, असे सांगितले. आपल्याकडे त्या दिवशी पेढे वाटले गेले, तो अर्धा निकाल होता. दोन्ही बाजूंची कागदपत्रे वाचणाऱ्याला पूर्ण निकाल दिसतो.

पाण्याचे कागद

मग आम्ही सिंधूकडे वळलो. करार १९ सप्टेंबर १९६० चा. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे. किशनगंगेच्या वीजप्रकल्पावर २०१० मध्ये पाकिस्तान लवादाकडे गेला, तेही हेगच्या त्याच कायमस्वरूपी लवाद न्यायालयाच्या व्यवस्थेत. २०१३च्या डिसेंबरमध्ये अंतिम निवाडा आला. भारताला वीजनिर्मितीसाठी पाणी वळवता येईल, पण नदीत सेकंदाला किमान नऊ घनमीटर पाणी सोडलेच पाहिजे.

भाचीने भाषणात लिहिले होते, ‘पाकिस्तान हा खालच्या अंगाचा देश असल्याने त्याने आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांच्या कराराला नेहमीच पाठिंबा दिला आहे.’ ऐकायला तर्कशुद्ध. आम्ही २१ मे १९९७ चे आमसभेतले मतदान पाहिले. १०३ देश बाजूने, तीन विरोधात, २७ तटस्थ. विरोधातले तीन म्हणजे चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी. तटस्थांच्या यादीत भारत होता, आणि पाकिस्तानही होता. एकमेकांचे पाणी अडवण्यावरून भांडणारे दोन्ही शेजारी त्या दिवशी एकाच रांगेत बसले होते. भाचीने ते वाक्य खोडले. “आत्या, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. सांगणार तरी कोण? ते मतदानाच्या यादीतच असते.

त्या रात्री तिने मला विचारले, “म्हादईत आपण वरचे की खालचे?”

मला उत्तर द्यायला वेळ लागला. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते, म्हणजे आम्ही वरचे. तिचे पाणी कळसा-बंडुरीतून मलप्रभेत यावे म्हणून वाट पाहणारे हुबळी-धारवाड म्हणजे तिच्या आईचे माहेर. आणि माझी थोरली बहीण फोंड्याला दिली आहे. तिच्या नळाला येणारे पाणी हवे तर म्हादई, गोव्यात तिलाच मांडवी म्हणतात, तिच्यावाचून गोव्याचे चालत नाही. २०१८च्या ऑगस्टमध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. तिन्ही राज्ये पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. आमच्या घरात लग्नकार्यात हा विषय काढायचा नाही, असा अलिखित नियम आहे. मागे एकदा पंगतीत कुणीतरी काढला होता, तेव्हा मठ्ठा वाढायचा राहून गेला होता.

“आपण वरचे पण, खालचे पण,” मी म्हटले. ती हसली आणि वहीत काहीतरी लिहू लागली.

सभागृहात

सरावाच्या दिवशी पालकांना मागच्या बाकांवर बसायची मुभा होती. भारताची पाटी एका सोनेरी केसांच्या डच मुलापुढे होती. रावी-बियास-सतलज त्याला पाठ होते, उच्चार त्याचे त्याला. डच मुलांना नदीचा विषय परका नाही. ऱ्हाइन आणि मास या नद्यांचे तोंड त्यांच्याकडे, म्हणजे ते कायमचे खालचे. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला रसायनांच्या गोदामाला आग लागली, तेव्हा ते विष ऱ्हाइनमधून याच देशापर्यंत वाहत आले होते.

पाकिस्तानच्या प्रतिनिधीने, म्हणजे आमच्या भाचीने, ठरावात एक कलम घातले होते : वरच्या देशाने धरणाचे पाणी सोडण्याआधी खालच्या देशाला वेळेवर कळवावे, अशी विनंती. हे कलम तिने सिंधूच्या कागदांतून घेतले की २०१९च्या पुरात घटप्रभा, मलप्रभेकाठच्या आपल्या गावांचे हाल आजीकडून ऐकले होते त्यातून, ते मला ठाऊक नाही. भारताच्या प्रतिनिधीने प्रश्न विचारला, दोन देशांत आधीच करार असेल तर हे कलम त्याला बाधा आणते काय? तिला उत्तर लगेच देता आले नाही. तिने सभाध्यक्षांची परवानगी घेतली, कागद पाहिला आणि उपसूचना मान्य असल्याचे सांगितले. ठराव मंजूर झाला, तटस्थ मतेही बरीच पडली. चहाच्या वेळी पाकिस्तान आणि भारत बिस्किटांच्या एकाच बशीपाशी उभे राहून पुढच्या विषयाची मते मोजत होते.

आजीला फोनवर भाचीने सगळे सांगितले. आजीने तिचे ऐकून घेतले आणि विचारले, “पाणी सोडायच्या आधी कळवावं म्हणालीस ना? ते बरं केलंस. आपल्याकडंही कळवत नाहीत की वेळेवर.” पाकिस्तानचे नाव तिने घेतले नाही. तिचे मत बदलले असे मी म्हणणार नाही.

आपल्याकडे

आपल्या भागातल्या शाळा-कॉलेजांतही आता असे अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघ भरू लागले आहेत. कोट-टाय, इंग्रजी आणि प्रमाणपत्र यांवरच पालकांचा भर दिसतो. ज्या घरात मूल यात भाग घेणार असेल, त्या घराने त्याला पुढील गोष्टी जरूर करायला लावाव्यात. मिळालेला देश नकाशावर शोधावा. शेजारी कोण, नद्या कुठून येतात ते पाहावे. संयुक्त राष्ट्रसंघाची सनद एकदा सलग वाचावी, ती लांब नाही. आपल्या विषयावर त्या देशाने पूर्वी कसे मत दिले, ते यादीत पाहावे, अंदाज करू नये. ज्या परिषदेला जायचे तिचे नियम वेगळे मागवून घ्यावेत, कारण थिमुनची पद्धत आणि अमेरिकी विद्यापीठांची पद्धत एक नाही. अमेरिकी पद्धतीत वक्त्यांची यादी आणि मधल्या गटचर्चा यांना अधिक महत्त्व असते. आणि भाषणाआधी ठरावाची दोन कलमे लिहून पाहावीत. जे कलमात बसत नाही ते बहुधा भाषणातही पोकळच असते.

पावसाळा संपला की आमच्या वर्गात म्हादईवर असा एक सराव घ्यायचे मी ठरवले आहे. खानापूरच्या मुलांना गोव्याची बाजू, चंदगडकडून येणाऱ्यांना कर्नाटकाची आणि धारवाडच्या मुलांना महाराष्ट्राची. मराठी आणि कन्नड दोन्ही चालेल, लवादाचा निवाडा मात्र सगळ्यांनी वाचून यायचा. फोंड्याच्या बहिणीला मी परीक्षक म्हणून बोलावले आहे. ती येते म्हणाली, पण धारवाडहूनही कुणीतरी परीक्षक असला पाहिजे, अशी तिची अट आहे. धारवाडच्या अज्जांना विचारले आहे.